तयार मजकुराची राखण

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष बी. ए.

'तयार मजकूर' असे म्हटले की साहित्याच्या विद्यार्थ्याच्या कपाळावर आठी पडते. स्वतःच्या शब्दांत लिहा, पाठ केलेले उतरवू नका, असे आपल्याला प्राथमिक शाळेपासून सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु वर्गाबाहेरच्या जगात जो व्यवहार कागदावर चालतो, त्यातील फार थोडे कागद कोणी स्वतःच्या शब्दांत लिहितो. बोनाफाईड दाखला, रहिवासाचा अर्ज, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, ग्रामसभेची नोटीस, पतसंस्थेचे थकबाकीचे पत्र, लग्नाची निमंत्रणपत्रिका, या सर्वांचा मजकूर आधीच ठरलेला असतो. नाव, गाव आणि तारीख तेवढी बदलते. हा मजकूर पूर्वी कारकुनाच्या डोक्यात किंवा छापील फॉर्मात असे. आज तो संगणकात असतो. तो तेथे कसा ठेवला जातो, कसा बिघडतो आणि तो नीट राखण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न वरवर पाहता यंत्राचा वाटेल. मला तो समाजाचा वाटतो, आणि म्हणूनच कला शाखेच्या या वार्षिकात मांडावासा वाटतो.

तयार मजकुराला आपल्याकडे दीर्घ परंपरा आहे. मोडी दप्तरातील कारकुनांसाठी 'मेस्तक' नावाचे लेखनाचे मार्गदर्शक ग्रंथ असत. कोणाला कोणता मायना लिहावा, पत्राचा आरंभ कसा करावा, शेवट कसा करावा, याचे नमुने त्यांत दिलेले असत. परंपरा या ग्रंथप्रकाराचे श्रेय यादवकाळातील हेमाद्रीपंताला देते. पत्र पुरे झाले की त्याच्या शेवटी मोर्तबाचा शिक्का उठवीत. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही घुसडू नये, असा त्याचा अर्थ. आपण आज सहजपणे 'शिक्कामोर्तब' हा शब्द वापरतो, त्याच्या मुळाशी मजकूर राखण्याचीच ही रीत आहे. महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यावर १९६० सालीच शासनाने भाषा संचालनालय सुरू केले. पुढे १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला. कचेरीत रोज लागणारी इंग्रजी वाक्ये मराठीत आणताना प्रत्येक कारकुनाने आपापली घडवीत बसू नये, यासाठी संचालनालयाने 'प्रशासन वाक्प्रयोग' नावाचे पुस्तकच काढले. म्हणजे तयार मजकूर हा काही संगणकाने आणलेला आळस नव्हे. तो राज्यकारभाराचा जुना सोबती आहे.

मात्र एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. मेस्तकाच्या पाठीमागे परंपरा होती, पत्राच्या पाठीमागे शिक्का होता, वाक्प्रयोगांच्या पुस्तकामागे शासनाचे कार्यालय होते. मजकूर कोणाचा आणि चुकला तर कोणी दुरुस्त करायचा, हे ठाऊक होते. आज एखाद्या तालुक्याच्या गावी टंकलेखनाच्या दुकानात किंवा एखाद्या संस्थेच्या कार्यालयात जो तयार मजकूर वापरला जातो, त्याला धनीच नसतो. तो कोणी कधी टाईप केला, कशावरून केला, शेवटचा केव्हा तपासला, हे त्या संगणकावर बसणाऱ्यालाही सांगता येत नाही. तो 'आधीपासूनच' तेथे असतो. आणि एखाद्या दिवशी अचानक नसतो.

ज्यांचा या यंत्राशी फारसा संबंध येत नाही अशा वाचकांसाठी हा मजकूर संगणकात कोणकोणत्या रूपांत राहतो, ते थोडक्यात सांगते. सर्वांत प्रचलित रीत म्हणजे जुने पत्र उघडायचे, त्यातील नाव-गाव खोडून नवे घालायचे आणि छापायचे. दुसरी रीत म्हणजे 'टेम्प्लेट', ज्याला आपण साचा म्हणू. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये अशी फाईल 'डीओटीएक्स' या प्रकारात साठवली, तर तिच्यावर दोनदा क्लिक केल्यावर मूळ साचा उघडत नाही. त्यावरून बेनावाची एक नवी प्रत उघडते आणि मूळ तसेच शाबूत राहते. तिसरी रीत 'ऑटोटेक्स्ट'ची. एखादा परिच्छेद निवडून त्याला लहानसे नाव द्यायचे; पुढे ते नाव टाईप करून एफ-३ ची कळ दाबली की सबंध परिच्छेद पानावर येतो. लिब्रेऑफिस या मोफत मिळणाऱ्या प्रणालीतही ही सोय आहे, आणि तेथेही कळ एफ-३ हीच आहे. प्रतिज्ञापत्राचा शेवटचा परिच्छेद दिवसातून चाळीस वेळा टाईप करणाऱ्याला ही सोय म्हणजे वरदानच आहे.

यांपैकी पहिली रीत सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक. सोपी, कारण तिच्यासाठी काहीही शिकावे लागत नाही. घातक, कारण तिच्यात साचा आणि एका माणसाचा खासगी कागद यांतला भेदच उरत नाही. चार ठिकाणी नाव बदलायचे असेल तर तीनच ठिकाणी बदलले जाते. 'सेव्ह ॲज' ऐवजी नुसते 'सेव्ह' केले की मूळ पत्र कायमचे पुसले जाते. शिवाय आधीच्या माणसाचा आधार क्रमांक, बँकेचे खाते आणि घरचा पत्ता पुढच्या प्रत्येक माणसाच्या कागदाबरोबर फिरत राहतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या संसदेने २०२३ साली केला. पण कायदा दिल्लीत होतो आणि कागद आपल्या गावात टाईप होतो, या दोहोंतले अंतर कोणीतरी भरून काढावे लागते.

ऑटोटेक्स्टची रीत हुशारीची, पण तिचा धोका लपलेला आहे. वर्डमध्ये 'नॉर्मल' नावाचा एक मूळ साचा असतो. प्रत्येक नवा कोरा कागद त्याच्यावरूनच निघतो. २००३ सालच्या वर्डपर्यंत ऑटोटेक्स्टचा मजकूर सामान्यतः याच फाईलमध्ये साठत असे. २००७ च्या आवृत्तीत 'बिल्डिंग ब्लॉक्स' नावाची वेगळी फाईल आली, आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत काही मजकूर एकीत तर काही दुसरीत जातो. या दोन्ही फायली विंडोजमध्ये वापरणाऱ्याच्या खात्याखाली 'ॲपडेटा' नावाच्या फोल्डरमध्ये असतात, आणि हे फोल्डर मुळातच लपवून ठेवलेले असते. आता पाहा काय होते. संगणक बिघडतो. दुरुस्ती करणारा विचारतो, "काय काय ठेवायचे?" आपण म्हणतो, डेस्कटॉपवरचे आणि डॉक्युमेंट्समधले सगळे ठेवा. तो इमानदारीने तेवढे ठेवतो आणि बाकीचे पुसून नवे विंडोज घालतो. फोटो राहतात, गाणी राहतात, जुनी पत्रेही राहतात. दहा वर्षे जमवलेला तयार मजकूर मात्र जातो. त्यात दुरुस्ती करणाऱ्याची काही चूक नसते. तो मजकूर तेथे आहे, हे त्यालाही कोणी सांगितलेले नसते.

कधी फाईल जात नाही, बिघडते. वर्ड उघडताच बंद पडू लागते, किंवा अक्षरांचा आकार आणि समास आपोआप बदलू लागतात. अशा वेळी पुष्कळदा दोष 'नॉर्मल' साच्यात असतो. त्यावर एक प्रसिद्ध उपाय आहे. वर्ड बंद करून ती फाईल बाजूला काढायची. वर्ड पुन्हा उघडले की ते स्वतःच नवी कोरी 'नॉर्मल' तयार करते. उपाय खराच गुणकारी आहे, पण तो सांगणारे बहुतेक लोक फाईल सरळ पुसून टाकायला सांगतात. येथेच घात होतो. फाईल पुसू नये, तिचे फक्त नाव बदलावे. नाव बदललेली जुनी फाईल वर्डच्या 'स्टार्टअप' फोल्डरमध्ये ठेवली आणि ती फार बिघडलेली नसेल, तर तिच्यातील ऑटोटेक्स्टचा मजकूर पुन्हा हाती लागू शकतो. मग तो वेगळ्या साच्यात हलवून घेता येतो. खरे म्हणजे ज्या मजकुरावर संस्थेचा व्यवहार चालतो, तो 'नॉर्मल'मध्ये ठेवूच नये. त्याचा स्वतंत्र साचा करावा, त्याला ओळखता येईल असे नाव द्यावे, आणि त्याची एक प्रत त्या संगणकाच्या बाहेर असावी. लिब्रेऑफिसमध्ये हा मजकूर 'बीएयू' या प्रकारच्या छोट्या फायलींत वापरणाऱ्याच्या प्रोफाईलखाली राहतो. तेथेही तेच तत्त्व लागू आहे. तो कोठे आहे हे ठाऊक असावे आणि त्याची प्रत काढून ठेवावी.

मूळ साचा एकदा दूषित झाला की त्यातून निघणारे सारे दूषित होते, हे विषाणू लिहिणाऱ्यांना आपल्या आधी कळले होते. १९९५ साली 'कन्सेप्ट' नावाचा विषाणू वर्डच्या कागदांतून पसरला. तो 'नॉर्मल' साच्यात शिरून बसे आणि पुढे साठवलेल्या कागदांबरोबर बाहेर पडे. मार्च १९९९ मधील 'मेलिसा' विषाणूनेही हाच साचा गाठला. त्याशिवाय तो संगणकातील पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःला पाठवीत असे. आता मॅक्रो असलेल्या फायलींचा प्रकारच वेगळा केला गेला आहे, आणि इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने मुळातच अडवून ठेवले आहेत. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, एका कागदातील चूक एका माणसापुरती असते, पण साच्यातील चूक साचा वापरणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येते. विषाणूच्या बाबतीत जे खरे, तेच चुकीच्या वाक्याच्या बाबतीतही खरे आहे.

मराठी मजकुराच्या वाट्याला आणखी एक विघ्न आले आहे. आपल्याकडे अनेक वर्षे कृतिदेव, श्री-लिपी यांसारख्या फाँटांत टंकलेखन होत आले. पडद्यावर देवनागरी दिसे, पण कृतिदेवासारख्या फाँटांत संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर कागद उघडला की अर्जाचा चिवडा होतो. वर्डमधील 'ऑटोकरेक्ट' तर त्यात भरच घालते. वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल करण्याची त्याला सवय आहे. कृतिदेवात इंग्रजी लहान 'डी' म्हणजे 'क' आणि मोठा 'डी' म्हणजे पाय मोडलेला 'क्'. तेव्हा इंग्रजीच्या व्याकरणाची सेवा करताना आपल्या 'क' चा पाय मोडतो. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे स्थान मिळाले होते. आज मोबाईलवर आपण सारे त्याच पद्धतीने मराठी लिहितो. असे असताना कित्येक ठिकाणचे तयार मजकूर अजून जुन्या फाँटांतच अडकले आहेत, कारण ते पुन्हा टाईप करणे किंवा रूपांतर करून ओळ न् ओळ तपासणे हे काम कोणाचेच नाही. तो फाँट बसवलेला शेवटचा संगणक बंद पडला की मजकूर असूनही वाचता येणार नाही.

येथवर मजकूर टिकविण्याविषयी लिहिले. परंतु नुसता टिकविणे पुरेसे नाही, आणि माझ्या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे. जुना मजकूर फार चांगला टिकला तरी नुकसानच होते. काही अलीकडची उदाहरणे घेऊ. जेथे कायद्यानेच प्रतिज्ञापत्र सक्तीचे केलेले नाही, तेथे त्याऐवजी स्वयंघोषणापत्र घ्यावे, असे राज्य शासनाने २०१५ साली ठरविले. १ जुलै २०२४ पासून १८६० सालच्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. 'खोटी माहिती दिल्यास मी शिक्षेस पात्र राहीन' या वाक्याच्या आधी ज्या जुन्या कायद्याचा उल्लेख असे, तो उल्लेख त्या दिवशी शिळा झाला. खोट्या घोषणेसंबंधीची जुनी कलमे १९९ आणि २०० होती. नव्या संहितेत ती २३६ आणि २३७ आहेत. २०२३ साली औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावे बदलून छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, २०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर झाले. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे शासकीय कागदांत आधी आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव लिहावे, असाही निर्णय झाला. नामांतराविषयी कोणाचे मत काहीही असो, साच्यातल्या रिकाम्या जागा आणि ठरलेल्या ओळी दोन वर्षांत किती बदलल्या, हे यावरून दिसते. आईच्या नावाचा निर्णय तर मला फार मोलाचा वाटतो. पण एखाद्या दुकानातील साच्यात आईच्या नावासाठी जागाच नसेल, तर तेथून निघणाऱ्या कागदापुरता तो निर्णय झालाच नाही असे होते.

आता या चुकीची किंमत कोण भरते, ते पाहू. वकील आपला मसुदा स्वतः तपासतो. मोठ्या कंपनीत त्यासाठी पगारी माणसे असतात. ज्याला वाचता येते, कायदा कळतो, ज्याच्या घरात चार शिकलेली माणसे आहेत, तो सही करण्यापूर्वी कागद वाचतो. साच्यावर आंधळेपणाने विसंबावे लागते ते ज्याला वाचता येत नाही, किंवा अक्षरे वाचता आली तरी 'उपरोक्त', 'सबब', 'तहहयात' या शब्दांपाशी जो थबकतो त्याला. आमच्या गल्लीतील एका काकूंचा निराधार अनुदानाचा अर्ज तालुक्याच्या गावी एका दुकानात टाईप करून घेतला होता. वरच्या भागात त्यांचे नाव आणि गाव बरोबर होते. खालच्या घोषणेत मात्र भलत्याच गावाचे नाव राहिले होते. काकूंनी अंगठा दिला होता. अर्ज परत आला. पुन्हा एस.टी.चे भाडे, पुन्हा टायपिंगचे पैसे आणि पुन्हा एका दिवसाची बुडालेली मजुरी. त्या गावाचे नाव ज्यांचे होते, त्या बाईंना आपला कागद असा फिरतो आहे याचा पत्ताही नसेल.

माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. अशा मुलीकडे वाडीतली माणसे फार लवकर कागद घेऊन येऊ लागतात. "तू कॉलेजात जातेस ना, मग हे वाचून सांग" असे म्हणून त्या बायामाणसे समोर बसतात. आपल्या महाविद्यालयातील कितीतरी मुलामुलींना हा अनुभव असेल. त्या वेळी आपल्या हाती ज्ञानेश्वरीचा अभ्यास किंवा अर्थशास्त्राचे सिद्धांत उपयोगी पडत नाहीत असे मी म्हणणार नाही, पण त्या क्षणी हवा असतो तो एक बरोबर लिहिलेला, तपासलेला, ज्यावर विसंबता येईल असा नमुना. तो आपल्याकडे नसतो. मग आपणही त्यांना त्याच दुकानाकडे पाठवितो.

यावर काही आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा की, सगळे नमुने इंटरनेटवर मिळतात, आणि आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की ती अर्ज लिहून देते. खरे आहे. परंतु मिळालेला नमुना कोणत्या वर्षीचा, कोणत्या राज्याचा आणि कोणत्या कायद्याखालचा, हे पाहण्याची जबाबदारी तेवढ्याने संपत नाही. यंत्राने लिहिलेल्या मसुद्यातही जुन्या संहितेचे नाव येऊ शकते, आणि ते सफाईदार भाषेत आले की संशयही येत नाही. नमुने फार झाले म्हणूनच, कोणीतरी वाचून 'हा बरोबर आहे' असे नावानिशी म्हटलेला एक नमुना असण्याची गरज वाढली आहे.

दुसरा आक्षेप आपल्या गुरुजनांचा असू शकेल. तयार मजकुरामुळे भाषा मरते, माणूस विचार करीनासा होतो, असे ते म्हणतील. निबंधाच्या आणि कवितेच्या बाबतीत मी हे मुकाट्याने मान्य करीन. पण निराधार अनुदानाच्या अर्जात कोणाला शैली दाखवायची नसते. तेथे तयार मजकूर चांगला असला तर दुबळ्याचे म्हणणे बळकट होते. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आला, तेव्हा आपल्या राज्याच्या नियमांत अर्जाचा नमुना जोडपत्र 'अ' म्हणून दिला गेला. काय लिहायचे हे ठरवून दिल्यामुळे अर्जात काय नाही या सबबीवर माणसाला परत पाठविणे अवघड झाले. उलट तो मजकूर सोपा करता येईल काय, 'सबब' च्या जागी 'म्हणून' लिहिले तर काय बिघडेल, हा विचार करण्याचे काम भाषेच्या विद्यार्थ्याचेच आहे. भाषेची चिंता असेल तर साच्याकडे पाठ फिरवून चालणार नाही, कारण हजारो माणसांच्या वाट्याला येणारी लिखित मराठी तीच आहे.

तिसरा आक्षेप म्हणजे हे काम कारकुनांचे किंवा संगणक विभागाचे आहे. यातील फायलींची जागा शोधणे आणि प्रती काढणे हे काम एका दुपारचे आहे. ते कोणीही शिकू शकतो. मजकूर बरोबर आहे की नाही हे ठरविणे मात्र वाचणाऱ्याचे काम आहे, आणि वाचणे हाच तर आपला विषय.

केवळ टीका करून थांबणे बरे नव्हे, म्हणून काही सूचना मांडते. महाविद्यालयाने आपल्या कार्यालयात आणि विभागांत वापरल्या जाणाऱ्या तयार मजकुरांची एक नोंदवही करावी. बोनाफाईड, शिष्यवृत्तीची शिफारस, सहलीचे पालकांना पत्र, प्रवासाच्या सवलतीचा दाखला असे प्रत्येक मजकुराचे नाव, तो शेवटी तपासल्याची तारीख आणि तपासणाऱ्याचे नाव तीत असावे. हीच तारीख साच्याच्या तळटीपेतही छापावी, म्हणजे शिळा कागद स्वतःच आपले वय सांगेल. सर्व साचे युनिकोडमध्ये असावेत. ते एका फोल्डरमध्ये ठेवून मूळ फायलींवर 'रीड ओन्ली' अशी खूण करावी, म्हणजे घाईत कोणी त्यांच्यावर लिहून बसणार नाही. ज्या साच्यात ठरावीक जागीच भरायचे असते, त्यात वर्डची 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग' ही सोय वापरून फक्त त्या जागा मोकळ्या ठेवता येतात. ही कुलपे प्रामाणिक माणसाच्या हातून होणाऱ्या चुका टाळण्यापुरती आहेत, चोरासाठी नव्हेत, हे मात्र विसरू नये.

प्रती तीन असाव्यात: एक वापरातील संगणकावर, दुसरी त्या खोलीबाहेर वेगळ्या डिस्कवर किंवा इंटरनेटवरील साठ्यात, आणि तिसरी चक्क कागदावर छापून ग्रंथालयात. कागदाची सूचना ऐकून काही मित्र हसतील. पण वीज नसताना, पासवर्ड विसरल्यावर आणि वर्डच्या कोणत्याही आवृत्तीत उघडते ती हीच प्रत. संगणक दुरुस्तीला पाठविण्यापूर्वी साच्यांची प्रत घेतली की नाही, याची सही नोंदवहीत घ्यावी. आणि वर्षातून एकदा, प्रवेशाची गर्दी सुरू होण्याआधी, कायद्यांची, जिल्ह्यांची आणि पदांची नावे पाहून प्रत्येक साचा पुन्हा वाचावा. राखण म्हणजे कुलूप लावून किल्ली फेकून देणे नव्हे. शेताची राखण करणारा पीकही पाहत असतो.

याच्या पुढे एक पाऊल टाकता येईल. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. ते चांगलेच आहे. त्याच शिबिरात एका गावाला नेहमी लागणाऱ्या दहा अर्जांचे नमुने तयार करावेत. ते जाणकार वकिलाकडून किंवा तहसील कार्यालयातून तपासून घ्यावेत, सोप्या मराठीत लिहावेत, आणि ग्रामपंचायतीत, शाळेत व तालुक्याच्या टंकलेखनाच्या दुकानांत फुकट द्यावेत. दुकानदार हा आपला शत्रू नव्हे. त्यालाही बरोबर नमुना हवाच असतो, तो त्याला कोणी आणून दिलेला नाही एवढेच. त्यात आधीच्या कोणा काकूंचे नाव नसेल, जागा मोकळ्या असतील आणि खाली तारीख असेल.

मेस्तक लिहिणाऱ्यांना कारभार चालवायचा होता, म्हणून त्यांनी नमुने जपले. आपल्याला माणसे परत पाठवली जाऊ नयेत एवढेच हवे आहे. प्राचार्यांना आणि कार्यालयीन बंधुभगिनींना माझी विनंती आहे की नोंदवहीचा हा उपक्रम येत्या जूनपासून सुरू करावा. मजकूर वाचून तपासण्याच्या कामासाठी आमच्या वर्गातील सहा जणींनी नावे दिली आहेत. प्रथम आणि तृतीय वर्षातून आणखी कोणी येणार असेल, तर ग्रंथालयात नाव नोंदवावे.